आखूड पायांचा टेकू

शाळा सुटल्यावर आन्सी थेट लोडवेकच्या दुकानात आली, त्यामुळे अंगावर शिकवतानाचाच राखाडी स्कर्ट होता. तो गुडघ्याखाली नीट ओढून घेऊन ती दुकानातल्या गालिच्यावर पालथी झोपली. समोर दुकानाची दाखवायची रायफल होती आणि तिच्या नळीखाली दोन पायांचा टेकू लावलेला होता. बायपॉड म्हणतात त्याला. आन्सीने दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला आणि दुर्बिणीतून भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या मेंढीच्या डोळ्यावर नेम धरला. मेंढी थरथरत होती.

"हा नको," ती म्हणाली. "हलतो."

"चारशे रँडात न हलणारा हवा असेल तर वीट घे," लोडवेक काउंटरमागून म्हणाला. शाळेत तो तिच्या मागच्या बाकावर बसून तिची गणितं उतरवायचा. आता डोक्यावरचे केस गेले होते, पण मागून बोलायची सवय तशीच होती.

मेंढ्यांचं औषध घ्यायला आलेला एक म्हातारा तिला ओलांडून पुढे गेला. ओलांडताना त्याने टोपी काढली. खाली झोपलेली असली तरी ती त्याच्या नातवाची शाळेतली बाई होती.

"काही हरवलं का, बाई?"

"नाही, शोधतेय."

"मग गालिच्याखाली बघा. चांगला माल हा तिथेच ठेवतो."

आन्सी पालथ्यानेच हसली. गेल्या चौदा महिन्यांत ती या दुकानात दर महिन्याला यायची आणि परवान्याचं काय झालं एवढंच विचारून निघून जायची. वडील गेल्यावर त्यांची रायफल तिच्या नावावर होईपर्यंत लोडवेकच्या तिजोरीत पडून होती. परवाना या सोमवारी आला, आणि त्याच्या तीनच आठवडे आधी बारेन्टकाकांचा फोन आला होता.

बारेन्ट हे तिच्या वडिलांचे, वेसल टेरब्लाँश यांचे, पोरपणापासूनचे दोस्त. गावापासून चाळीस किलोमीटरवर त्यांचा मेंढ्यांचा फार्म होता. दर वर्षी जूनच्या शेवटच्या शनिवारी, तिथल्या ऐन हिवाळ्यात, ते चार जणांना शिकारीला बोलवत. चारच, कारण त्यांच्या कोठीतल्या तुळईला चार हूक होते. प्रत्येकाने स्प्रिंगबोक हरणांतला एक नर मारायचा, संध्याकाळी आपल्या हुकाला टांगायचा आणि रात्रभर थंडीत राहू देऊन रविवारी घरी न्यायचा. चौथा हूक एकतीस वर्षं वेसलचा होता.

"गेल्या वर्षी मी तो रिकामा ठेवला," बारेन्टकाका फोनवर म्हणाले होते. "यंदाही ठेवला तर कोळी जाळं करतील. माझा मेहुणा ब्लूमफाँटेनहून विचारतोय. पण आधी तुला विचारतो. तुला हवाय?"

"हवाय."

"मग नियम तुला माहीत आहे."

तो नियम सगळ्यांनाच माहीत होता. सकाळी तळ्याच्या बांधावरून शंभर मीटरवरच्या कागदावर तीन गोळ्या मारायच्या. तिन्ही भोकं एका तळहाताखाली झाकली गेली तर रानात जायचं. नाही झाकली गेली तर दिवसभर चुलीपाशी बसून बाकीच्यांसाठी मटण भाजायचं आणि हुकाचं पुढल्या वर्षी बघायचं. जखमी होऊन पळालेलं जनावर बारेन्टकाकांना सहन होत नसे, आणि याबाबतीत ते कुणाची भीड ठेवत नसत. एका वर्षी त्यांनी गावच्या पाद्र्याला चुलीपाशी बसवलं होतं. पाद्र्याने मटण करपवलं, ही त्यांची जास्त तक्रार होती.

आन्सी चांगली नेमबाज आहे असं सगळे म्हणत. तिला मात्र खरं ठाऊक होतं. बाराव्या वर्षापासून तिने मारलेली प्रत्येक गोळी बाबांच्या खांद्यावरून गेली होती. बाबा तिच्यापुढे मांडी घालून बसत, दोन्ही कानांत बोटं घालत, आणि ती मागे गुडघ्यांवर बसून नळी त्यांच्या खांद्यावर ठेवी. "श्वास धरला," असं ते हळूच म्हणत, की तो खांदा दगडासारखा होई. पुढे त्यांची नजर अधू झाली, तेव्हा त्यांनी स्वतः मारणं सोडलं आणि नुसता खांदा दिला. शेवटच्या मोसमात तर फुप्फुसात फारसा दम उरला नव्हता. श्वास धरला म्हणण्यात श्वास वाया जाई म्हणून ते फक्त मान हलवत. मग आपल्या हातात चार सेकंद आहेत हे आन्सीला कळे. चार सेकंदांत तिने नेम धरून हरणाचा बोकड पाडला होता.

गेल्या महिन्यात तिने गावाबाहेरच्या मैदानावर लोडवेकची रायफल नुसती हातावर धरून मारून पाहिली. तीन भोकं झाकायला जेवायचं ताट लागलं असतं. खांद्याची जागा कशाने तरी भरून काढल्याशिवाय चौथा हूक आपला नाही, हे त्याच दिवशी तिच्या लक्षात आलं. कुठल्याही गोष्टीला आधी वाचूनच हात घालायची तिला सवय. दोन आठवडे तिने बायपॉडवर मिळेल ते वाचून काढलं, वहीत आडवे-उभे रकाने आखले, आणि बाराशेच्या वर जायचं नाही असं ठरवून टाकलं.

"तो काचेतला केवढ्याला?" तिने खालूनच विचारलं.

"नऊ हजार. चिमट्यासारखा नळीच्या कड्याला बसतो, लाकडाला हात लावावा लागत नाही."

"आणि बघायचे किती?"

"बघायला फुकट. बोटांचे ठसे उमटले तर पुसून जा."

मग त्याने एकाच बनावटीचे दोन टेकू तिच्यापुढे ठेवले. एकाचे पाय वीतभर, ओढले तर थोडे अधिक. हा पालथं झोपून मारायचा, साडेनऊशेचा. दुसऱ्याचे पाय ओढले की मांडीपेक्षा उंच. हा बसून मारायचा, साडेअकराशेचा. दोघांच्याही पायांना रबरी बूट होते आणि मान थोडी डावी-उजवी कलत होती, म्हणजे जमीन उंचसखल असली तरी रायफल सरळ धरता आली असती. आन्सीने दोन्ही पालथे-उताणे करून बघितले, स्प्रिंगा ताणल्या, पाय उघडताना खटका किती वाजतो ते कानाशी धरून ऐकलं. मग लांब पायांचा लावून ती गालिच्यावर बसली. मेंढीचा डोळा किंचित डुलत राहिला. आखूड पायांचा लावून पुन्हा झोपली. मेंढी शांत झाली.

"बारेन्टच्या रानात झुडपं केवढी आहेत?" लोडवेकने विचारलं.

आन्सीने उठून बसत घोट्याच्या जरा वर हात धरला. "एवढी. त्यातलीही निम्मी मेलेली."

"नक्की?"

"लोडवेक, तीस वर्षांहून जास्त चालतेय मी त्या रानात. तिथे लपायला सशालाही जागा नाही."

"मग आखूडच घे. थोड्या पैशांत आखूड पाय नेहमी घट्ट असतात." त्याने चष्मा वर सरकवला. "माणसांचंही तसंच आहे, पण ते तुझ्या वहीत लिहू नको."

टेकू ठरला. लोडवेकने तिजोरीतून वेसलची रायफल आणली आणि फडक्यावर ठेवली. जुनी, चेक बनावटीची, अक्रोडाच्या लाकडाच्या दस्त्याची. आन्सीने तिला चौदा महिने पाहिलं नव्हतं. बाबांचा अंगठा जिथे बसे तिथे लाकूड काळपट, गुळगुळीत झालं होतं.

लोडवेकने ती उलटी केली आणि पुढच्या लाकडावरून बोट फिरवलं. "इथे खुंटी नाहीये. जुन्या रायफलींना पट्ट्याचं कडं नळीवर असतं, लाकडात काही नसतं. तुझा टेकू खुंटीवर बसतो. म्हणजे इथे भोक पाडून खुंटी बसवावी लागणार. दहा मिनिटांचं काम."

वहीत हा रकाना नव्हता.

"किंवा नऊ हजारवाला," लोडवेक म्हणाला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने थट्टा आवरली. "घाई नाही. घरी घेऊन जा. मन झालं की ये."

घरी आई स्वयंपाकघरात धणे निवडत होती. एकोणऐंशी वर्षांच्या आईचे हात आताशा थरथरत, पण बिल्टाँगचा मसाला ती दुसऱ्या कुणाला करू देत नसे. मांसाच्या पट्ट्या व्हिनेगर आणि भरडलेल्या धण्यांत मुरवून मागच्या पडवीत वाळायला टांगायच्या, हे काम तिने लग्नापासून दर जुलैत केलं होतं. फक्त गेल्या वर्षी नव्हतं केलं. यंदा धणे तिने मे महिन्यातच आणून ठेवले होते.

आन्सीने रायफल टेबलावर ठेवली आणि भोकाचं सांगितलं.

"मग पाड भोक."

"बाबांचा दस्ता आहे, आई."

"दस्ता आहे. चर्चमधला बाक नाही." आईने हात पुसले, रायफल आपल्याकडे ओढली आणि दस्त्याच्या टोकापासून दोन बोटांवरची बारीक रेघ नखाने दाखवली. "ही रेघ कशाची आहे?"

"शोभेची. बाबाच म्हणाले होते."

"शोभेची," आई म्हणाली. "तुझ्या बाबांनी आयुष्यात शोभेसाठी काय केलं होतं, एक गोष्ट सांग."

आन्सी रेघेवर वाकली.

"तू बारा वर्षांची होतीस. हात एवढेसे. दस्ता खांद्याला लावलास की बोट चापापर्यंत पोचायचं नाही. तर ह्याच टेबलावर, माझ्या हाडं कापायच्या करवतीने त्यांनी तो कापला. करवतीची धार गेली ती गेलीच. तू सोळाची झालीस तेव्हा तो तुकडा परत चिकटवला. चार वर्षं माझ्या मोज्यांच्या खणात होता."

"पण त्या चार वर्षांत बाबा स्वतः कशी चालवत होते?"

"खांदा चोरून. दोन वर्षं लागोपाठ त्यांचा नेम चुकला, आणि बारेन्टने त्यांना चुलीपाशी बसवलं. तुला काय वाटलं, ते मटण भाजायची हौस म्हणून बसले होते?"

आन्सीला ती दोन वर्षं आठवली. बाबा चुलीपाशी बसून हात शेकत होते, आणि तिला वाटलं होतं की त्यांना थंडी वाजतेय. तिने रेघेवरून बोट फिरवलं. लाकडाचे धागे इकडून तिकडे असे जुळले होते की माहीत नसणाऱ्याला शोभेचीच वाटावी.

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस," आई म्हणाली आणि पुन्हा धणे निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी लोडवेकने भोक पाडलं. दस्ता आन्सीने धरला. अक्रोडाचा भुसा वळ्या-वळ्यांनी बाहेर आला, दुकानात थोडा वेळ त्याचा वास राहिला, मग लोडवेकने ब्रशने भुसा झाडून टाकला आणि तिने तो झाडू दिला. त्यानंतरचे दोन शनिवार ती मैदानावर पालथी पडून होती. पहिल्या दिवशी टेकू कठीण जमिनीवरून उडायचा आणि गोळ्या वर जायच्या.

"नुसता ठेवू नकोस," लोडवेक तिच्या बाजूला उकिडवा बसून सांगायचा. "पुढे रेल. पाय जमिनीत रोव आणि अंगाचा भार त्याच्यावर दे. तो तुला धरणार नाही, तू त्याला धरायचंस."

ताटाची बशी झाली. दुसऱ्या शनिवारी संध्याकाळपर्यंत बशीचा तळहात झाला.

जूनच्या शेवटच्या शनिवारी पहाटेच ती फार्मवर पोचली. दव गोठून पांढरं झालं होतं, पवनचक्की थांबली होती, आणि तळ्याच्या बांधावर बारेन्टकाका कॉफीचा मग दोन्ही हातांत धरून उभे होते. बाकीचे तिघे पाहुणे आधीच आले होते. त्यातल्या वकिलाची पहिली पाळी झाली. त्याच्या कागदावर बारेन्टकाकांनी हात ठेवला, दोन भोकं झाकली गेली, तिसरं करंगळीच्या बाहेर हसत राहिलं. वकील चुलीकडे चालता झाला.

आन्सीने बांधावर चादर पसरली. झोपली. टेकूचे पाय घट्ट मातीत रोवले, पुढे रेलली. तीन वेळा दस्ता खांद्यावर आदळला. बारेन्टकाका चालत कागदापर्यंत गेले, तिथेच उभं राहून त्यांनी हात ठेवला, मग हात काढून फक्त तीन बोटं ठेवली. परत यायला त्यांना फार वेळ लागला, कारण गुडघे दुखत होते.

"दाविद," त्यांनी हाक मारली, "ही तुझ्याबरोबर."

दाविद आरीस या फार्मवर चाळीस वर्षं होता. मेंढ्या, कुंपणं, पाणी, सगळं तोच बघे, आणि दर जूनमध्ये वेसल आणि आन्सी यांच्याबरोबर रानात तोच जाई. त्याने आन्सीच्या रायफलीखालचे दुमडलेले पाय वाकून पाहिले.

"ही रायफल आता रांगायला लागली म्हणायची, आन्सीबाई."

"उभी राहील हळूहळू, दाविदकाका."

दोघं टेकडीच्या पायथ्याने तासभर चालले. वारा समोरून होता. आन्सी दाविदच्या पाठीकडे बघत चालत होती, आणि आपल्या बुटांना, मोज्यांना काहीतरी सारखं ओढतंय, टोचतंय एवढंच तिला जाणवत होतं. मग दाविदने हात मागे करून तिला थांबवलं. दीडशे मीटरवर एक कळप चरत होता, आणि कडेला एक म्हातारा बोकड एकटा उभा होता, जाड शिंगांचा.

आन्सी हळूच आडवी झाली. पाय उघडले, खटका वाजला नाही. गाल टेकवला आणि दुर्बिणीत पाहिलं. सगळं करडं-हिरवं होतं. तिने पाय पूर्ण ओढले. करडं-हिरवं, मध्ये एक वाळकं बोंड. ती गुडघ्यांवर उठली: बोकड तिथेच होता. झोपली: बोकड नाही.

दाविद तिच्या बाजूला बसून काडी चावत होता. "काय दिसतंय, बाई?"

"गवत."

"बरं आहे?"

"काय बरं आहे?"

"गवत," दाविद म्हणाला.

आन्सीने मान वर करून चारी बाजूंना पाहिलं. झुडपं गुडघ्याला लागत होती. त्यांच्यामधून वाळलेलं गवत पिवळंधमक उभं होतं, टेकडीच्या उतारापर्यंत, पलीकडच्या कुंपणापर्यंत. पाऊस नोव्हेंबरात सुरू झाला होता आणि मार्चपर्यंत थांबत थांबत पडत राहिला होता. तो तिने वर्गात बसून पत्र्यावर ऐकला होता, मुलांना खिडकीशी जाऊ दिलं होतं. पण हे रान तिच्या डोक्यात बाबांच्या शेवटच्या मोसमातलंच राहिलं होतं: सलग आठ दुष्काळी वर्षांचं, भाजलेलं, घोट्याएवढं. दुकानात लोडवेकने विचारल्यावर तिने त्या रानाची उंची दाखवली होती. त्या आठ वर्षांत बाबा दर वेळी पिकअपमधून उतरले की आधी वाकून माती चिमटीत घेत आणि विचारत, "दाविद, काय म्हणतेय?" आणि दाविद म्हणे, "पुढल्या वर्षी या म्हणतेय."

तिने तोंडावर हात दाबला, तरी हसू आलंच. वाऱ्यावर ते पोचलं नाही. मग डोळे पुसून ती म्हणाली, "मी दुष्काळाच्या मापाचे पाय घेतले, दाविदकाका."

"तसं दिसतंय खरं. बारेन्टसाहेबांचंही हेच झालं. यंदा लोकर कातरायला मेंढ्या हाकायच्या, तर निम्म्या सापडेनात. चाळीस वर्षांत मी त्यांना मेंढी हरवली म्हणून खुश झालेलं पाहिलं नव्हतं." त्याने काडी थुंकली. "माझा खांदा आहे. वेसलसाहेबांएवढा रुंद नाही, पण आहे."

"तुमचे कान जातील."

"ते त्या ट्रॅक्टरने कधीच नेलेत. जायला काही उरलेलं नाही."

आन्सीने त्या खांद्याकडे पाहिलं. निळ्या डगल्याची शिवण तिथे उसवली होती. क्षणभर तिला तिथे नळी टेकवावी असं फार वाटलं. माणूस पुढे बसलेला असला की एकटं वाटत नाही, हे तिला माहीत होतं. तिने नकारार्थी मान हलवली.

"एका खांद्यावर सगळं आयुष्य काढलं. दुसऱ्याची सवय नको लावून घ्यायला. ह्याच्या पायांचं काहीतरी करू या."

दाविदने तो टेकू आता पहिल्यांदाच नीट हातात घेतला. बूट दाबून पाहिले, पाय उघडझाप केले. मग तो ओणव्यानेच मागे सरकला आणि ती त्याच्या मागे. कळपाच्या नजरेआड एक पडका दगडी मेंढवाडा होता, त्याला कधीकाळी घायपाताचं कुंपण केलं होतं. घायपाताला एकदाच फुलोरा येतो, मग ते मरतं आणि त्याचा उंच दांडा उभ्या उभ्या वाळतो. बांबूपेक्षा हलका, आणि सहजी मोडत नाही. दाविदने चाकूने दोन दांडे कापले, टेकूच्या एकेका पायाशी धरून लांबी बेतली आणि खिशातून टायरच्या ट्यूबच्या पट्ट्या काढल्या. फार्मवरच्या प्रत्येक माणसाच्या खिशात त्या असतात. कुंपण, नळ, चप्पल, सगळं त्यांनीच बांधलं जातं. त्याने पट्ट्या ताणून ताणून गुंडाळल्या. आन्सी दुसरं टोक धरून होती.

"फार घट्ट नको," ती म्हणाली.

"बाई, शाळेत मुलांना तुम्ही शिकवा. ट्यूब मला बांधू दे."

त्यांनी परत जाऊन पाहिलं तेव्हा कळप पुढे गेला होता. त्याला गाठायला आणखी पाऊण तास गेला, त्यातला निम्मा गुडघ्यांवर. म्हातारा बोकड याही वेळी कडेलाच होता. आन्सी झुडपाआड मांडी घालून बसली. घायपाताची टोकं तिने मातीत रोवली. माती भुसभुशीत होती, ती बोटभर आत गेली. मग ती पुढे रेलली आणि तिने अंगाचा भार त्या विचित्र पायांवर दिला. ट्यूब किंचित करकरली आणि गप्प झाली.

बोकड पाठमोरा होता. आन्सीने वाट पाहिली. मनात ती नेहमीसारखी मोजू लागली: एक, दोन, तीन, चार. चार झाले. समोर कुणाचीच छाती श्वासासाठी धडपडत नव्हती. पाच, सहा. हवा तेवढा वेळ होता, सबंध सकाळ होती. तिने मोजणं सोडून दिलं. गवत हलत होतं, बोकडाने कान झटकला, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि तो आडवा उभा राहिला. तिने श्वास सोडला, अर्ध्यावर थांबवला आणि चाप ओढला.

बोकड उभा होता तिथेच खाली बसला. कळप उधळला, थोडा लांब जाऊन थांबला.

दोघं जवळ गेले तेव्हा त्याच्या पाठीवरची पांढऱ्या केसांची पट्टी पंख्यासारखी उलगडली होती. स्प्रिंगबोक मेल्यावर ती काही मिनिटं अशी उघडते आणि तिला मधासारखा वास येतो. त्यानंतर तो वास कधीच येत नाही. बाबा दर वेळी तिला आधी वाकायला लावत आणि मग स्वतः वाकत. दाविदने टोपी काढली आणि तो दोन पावलं बाजूला झाला. आन्सी गुडघ्यांवर बसली, तिने चेहरा त्या केसांत टेकवला. वास तोच होता. तिने तो खोल ओढून घेतला. मग उठली आणि म्हणाली, "आता तुम्ही."

"मी?"

"कुणीतरी दुसरं वाकायला लागतं."

दाविद वाकला.

संध्याकाळी कोठीत चौथ्या हुकाला बोकड टांगला गेला. बारेन्टकाकांनी कंदिलाच्या उजेडात जखम पाहिली, मान डोलावली, मग भिंतीला टेकवून ठेवलेल्या रायफलीकडे त्यांचं लक्ष गेलं.

"ही काय भानगड आहे?"

"टेकू," आन्सी म्हणाली.

"केवढ्याला पडला?"

"साडेनऊशे आणि दोन घायपात."

"घायपाताचे माझे वेगळे," दाविद दारातून म्हणाला. "ट्यूबचे तर धरलेच नाहीत."

बारेन्टकाकांनी दांड्यांवरून हात फिरवला. "असली भानगड वेसलच करणार."

"नसती केली," दाविद म्हणाला. "त्यांना एवढं गवत कुठे मिळालं?"

बाहेर वकील चुलीपाशी हाका मारत होता. मटण झालं होतं आणि, आश्चर्य म्हणजे, करपलं नव्हतं.

रविवारी दुपारी आन्सी घरी पोचली. दांडे तिने सोडले नव्हते. लोडवेक सोमवारी हसणार होता आणि लांब पायांचा टेकू बदलून देतो म्हणणार होता, आणि तिने नको म्हणायचं आताच ठरवून ठेवलं होतं. आईने टेबलावर जुनी चादर अंथरली होती, करवत नवीन होती, धण्यांचा वास घरभर होता. दोघींनी मिळून मांस उतरवलं. मग आन्सी खुर्चीवर बसून बूट काढू लागली, आणि आईची नजर तिच्या मोज्यांवर गेली. घोट्यापासून पोटरीपर्यंत ते कुसळांनी भरले होते.

पूर्वी बाबा असे आले की आई त्यांना पडवीतच मोजे उतरवायला लावायची, कारण कुसळं घरभर होत. पण तेही किती वर्षांपूर्वी. आन्सी उठायला लागली.

"बस," आई म्हणाली. ती समोरच्या स्टुलावर बसली, मुलीचा पाय तिने मांडीवर घेतला आणि एकेक कुसळ उपटू लागली. हात थरथरत होते, पण कुसळ सुटत नव्हतं. "टेकू चालला का?"

"चालला. आखूड पडला."

"का गं?"

"गवत वाढलंय, आई. गुडघ्यापर्यंत. कुंपणापर्यंत सगळं पिवळं आहे."

आईने हातातलं कुसळ उजेडात धरून पाहिलं. "ह्यांना सांगायला हवं होतं," ती म्हणाली. मग तिने ते चादरीवर बाकीच्यांबरोबर ठेवलं आणि दुसरा पाय पुढे कर अशी खूण केली.